एकही पाखरू उडालं नाही

धुरपताची आणि माझी ओळख भांडणातून झाली. एकोणीसशे त्रेपन्न साली मी लग्न होऊन साताऱ्याकडून वर्ध्याला आले. नवरा, माधव, कचेरीत कारकून. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, यशोदाबाई. घर गावाच्या एका टोकाला, सिंदी मेघेच्या वाटेवर. पहिल्याच पावसाळ्यात एक उंच, काटक, चाळिशीची गोंड बाई डोक्यावर टोपली घेऊन दारात उभी राहिली आणि "तरोटा घ्या, तरोटा" म्हणाली. तरोटा ही काय भानगड आहे ते मला ठाऊक नव्हतं. टोपलीत डोकावले तर कोवळ्या, गोलसर पानांच्या जुड्या होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक पान कुरतडलेलं. मी नाक मुरडलं आणि विचारलं, "अळ्यांचं उष्टं विकतेस होय गं?"

ती रागावली नाही. "अळीनं खाल्लं तेच चांगलं रायते, बाई," म्हणाली. "अळीले समजते."

"मग अळीलाच विक जा."

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी दोन जुड्या घेतल्या आणि मला आत पाठवलं. तरोटा कुणी पेरत नाही. पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला, नाल्याकाठी आपोआप उगवतो. पावसाळ्यात त्याची भाजी एकदा तरी पोटात गेली की वर्षभराची दुखणी टळतात, असं इकडे घरोघर मानतात. सासूबाई तर ती औषधासारखी खात. तेव्हा धुरपता आठवड्यातून एकदा येणार आणि मी दर खेपेला भोकांवरून तिला टोचून बोलणार, हे ठरूनच गेलं. ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, आणि मी तिला अगं-तुगं करत होते. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

सासूबाई तिला ओट्यावर बसवून चहा द्यायच्या. मी आत भांडी आपटत असायचे, पण कान बाहेर असायचे. तिची सगळी हकीकत मला अशी भिंतीआडून कळली. सेलूच्या वाटेवर, गावापासून दोन कोसांवर, नाल्यापलीकडे आठ-दहा घरांची त्यांची वस्ती. घरात आपसांत गोंडी बोलायचे. नवरा, मंगरू, जंगलकामाला गेला होता तो तिकडेच हिवतापानं गेला. मुलगा कवडू तेव्हा बारा वर्षांचा होता. हिनं शेतमजुरी केली, मोळ्या विकल्या, आणि पावसाळ्याचे चार महिने रानभाजीवर काढले. हे सांगताना तिच्या आवाजात रड नसायची. चिंता मात्र असायची, आणि ती चिंता माझ्या लेखी फारच चमत्कारिक होती. तिला पिवळ्या पाखरांची चिंता असायची.

पाखरं म्हणजे फुलपाखरं. आपण ज्यांना पिवळी म्हणतो ती, हळदीचं पाणी केल्यासारख्या फिकट रंगाची, वेगानं उडणारी. त्यांच्या वस्तीच्या वरच्या अंगाला नाल्याकाठी बहाव्याची झाडं होती. वैशाखात बहावा फुलतो, जेठात फुलं गळून नवी पालवी येते. नेमकी त्याच सुमाराला पाखरं यायची, सूर्य बुडतो त्या बाजूनं. आधी एक-दोन, मग दहा-वीस, मग तीन-चार दिवस नुसती रीघ. वाटेत झोपडी आली तर वळसा घालायची नाहीत, सरळ वर चढून छपरावरून पलीकडे उतरायची. काही पुढे निघून जायची, काही बहाव्याला थांबायची. नाल्याच्या ओल्या वाळूवर शंभर-शंभर दाटीनं बसून पाणी प्यायची.

"मादी एका पानावर एकच अंडं घालते," धुरपता सासूबाईंना सांगायची. "तिळाएवढं बी नसते. उभं रायते. तिसऱ्या-चौथ्या रोजी अळी."

ती अळी पानाच्याच रंगाची, अंगावरून एक बारीक रेघ. पानाच्या मधल्या शिरेवर अशी लांबट निजते की बोट लागेपर्यंत कळत नाही. पंधरा दिवसांत अख्खा बहावा बोडका करते. पोट भरलं की पानाखाली स्वतःला टांगून घेते आणि तिचाच एक हिरवा, टोकदार कोष होतो, दुमडलेल्या पानासारखा. आठवडाभरानं एका सकाळी तो रिकामा असतो आणि शेजारी ओलं पाखरू पंख वाळवत बसलेलं असतं. तोवर पाऊस पडून खाली तरोटा उगवलेला असतो, आणि बहाव्यावर जन्मलेलं पाखरू अंडी घालायला तरोट्यावर उतरतं. असे तीन-चार फेर होतात. मग आश्विनात, वारा पडलेला एखादा दिवस बघून, ती सगळी निघतात. या वेळी सूर्य उगवतो त्या बाजूला. कुठून येतात आणि कुठं जातात ते धुरपताला ठाऊक नव्हतं, आणि तिच्या आजीलाही ठाऊक नव्हतं.

तिची काळजी अशी की, नाहीच आली तर? जेठ लागला की ती रोज सकाळी उठून नाल्याकाठी जायची आणि मावळतीकडे पाहत उभी राहायची. पाखरं आली तर अळी, अळी असेल तिथलीच भाजी तोडायची, हा तिच्या आईनं घालून दिलेला नियम. जिथं अळीनं तोंड लावलं नाही तिथं माणसानं लावू नये. आणखी एक नियम होता. तरोटा ती पहाटे तोडायची, आणि रात्रीची पाखरं पानाखाली निजलेली असायची. म्हणून प्रत्येक जुडी बांधण्याआधी ती उलटी धरून दोनदा झटकायची आणि थांबायची. एखादं पाखरू उडून गेलं की मगच जुडी टोपलीत. हे ऐकून मी आतून मोठ्यानं म्हणाले होते की माणसांची नाही एवढी बडदास्त पाखरांची चालली आहे. सासूबाईंनी त्या दिवशी माझ्याशी अबोला धरला.

असा तीन पावसाळे माझा जप चालू राहिला. आणि छप्पन साली मी शहाणपणा केला. हळदीकुंकवाला चार बायका जमल्या होत्या, त्यांत मी विषय काढला. शाळेतल्या बंडोपंत मास्तरांची बायको इंदिरा, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पेन्शनर प्रभाकररावांची सून, आणखीही एक-दोघी. धुरपताची एकूण सात घरं, ती सगळी एकमेकींच्या ओळखीची. मी म्हटलं, आपण सगळ्यांनी एकदा तिला ठणकावलं तर ती धड पानं आणेल, हा सगळा आळस आहे. बायकांना पटलं. त्या आठवड्यात तिला सात दारांत एकच वाक्य ऐकायला मिळालं. माझ्या दारात तर मी स्पष्टच सांगितलं, "पुढच्या खेपेला अशी भोकाभोकांची भाजी आणलीस तर पुन्हा येऊ नकोस."

तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. तिच्या घरी त्या वर्षी कवडूची बायको जिजा सात महिन्यांची पोटुशी होती. तिला मजुरीला पाठवायचं नाही असं धुरपतानं ठरवलं होतं, म्हणजे घरातले दोन हात कमी झाले होते. सात घरं तुटली असती तर पावसाळा कसा काढायचा, हा प्रश्न तिच्यापुढे होता. मला तो दिसत नव्हता, कारण मी पाहिलाच नाही.

नाल्याच्या खालच्या अंगाला ताराचंदचं कपाशीचं शेत होतं. ताराचंद माणूस वाईट नव्हता, पण कपाशीवाला होता, आणि कपाशीवाल्याला कुठलीही हिरवी अळी दिसली की झोप लागत नाही. जेठात त्यानं बहाव्यावर अळ्यांचा पूर पाहिला. आज बहाव्यावर आहे, उद्या माझ्या कोंबांवर येईल, म्हणून तो घाबरला. ही अळी मेली तरी कपाशीला तोंड लावत नाही. धुरपतानं त्याला एकदा तसं सांगितलंही होतं. त्यानं ऐकून सोडून दिलं. किडे मारायची पांढरी पावडर त्यानं कुठून तरी पोतंभर आणवली, फडक्यात बांधली आणि काठीनं बडवत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि त्यालगतच्या तरोट्यावर उडवली. दहा दिवसांत दोनदा. हे त्यानं वस्तीत कुणाला सांगितलं नाही. आपल्या धुऱ्यावरच्या गवताबद्दल दवंडी पिटावी असं त्याला वाटलं नसेल. धुरपता त्या दिवसांत दुसऱ्या अंगाला पेरणीच्या कामावर होती.

तर आमचं बोलणं ऐकून गेलेली धुरपता पुढच्या खेपेला पहाटे उठली आणि नेहमीच्या जागेऐवजी खालच्या अंगाला गेली. रात्री भुरभुर पाऊस झाला होता, नुकतं फटफटत होतं. ताराचंदच्या धुऱ्याला तरोटा घोट्याएवढा, टवटवीत, आणि एकाही पानाला भोक नाही. ती तिथं बराच वेळ उभी राहिली, असं तिनं मला पुढे सांगितलं. आईचा नियम तिला आठवत होता. पाखरं अजून या अंगाला उतरली नसतील, म्हणून अळी नसेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. पहिली जुडी तोडली, उलटी धरून झटकली, थांबली. काही उडालं नाही. दुसरी झटकली. काही उडालं नाही.

"मनात कसंसं झालं होतं," ती म्हणाली. "पन तुमचं बोलनं कानात होतं, बाई."

वाटेत घर लागायचं. एक जुडी तिनं जिजाजवळ दिली आणि संध्याकाळी आल्यावर भाजी करीन म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे सकाळी भाकरीचा तुकडा खाऊन माणसं कामाला जात आणि चूल पेटायची ती दिवस बुडताना. मग ती गावात आली, सातही घरी भाजी दिली. मी जुडी हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हटलं, "बघ, आणायची म्हटली की येते ना?" तीन वर्षांत मी तिला पहिल्यांदा बरं बोलले होते. ती हसली सुद्धा.

आठ-सव्वाआठला ती स्टेशनकडच्या नळावर टोपली धुवायला बसली. टोपलीच्या बुडाशी देठांचा कचरा होता, तो तिनं हातानं काढला. त्यात पिवळी पाखरं होती. एक, दोन, पाच, अकरा. दहा मेलेली. एकाचे पाय अजून हलत होते. पंखांच्या मुळाशी आणि अंगाच्या लवेत पांढरा पीठासारखा थर, पावसानं लगदा झालेला. तिनं बोटं हुंगली. तो वास तिच्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी हिवतापाचे डास मारायला माणसं वस्तीत फवारणीला आली होती. त्यानंतर भिंतीखाली पडलेल्या माशा खाऊन तिच्या तीन कोंबड्या मान वाकडी करून तडफडत मेल्या होत्या. हा वास अगदी तसाच नव्हता, त्याहून उग्र होता. पाखरं पानाखाली होतीच, ओल्या लगद्यानं चिकटून बसलेली. झटकल्यावर ती उडाली नाहीत, कारण उडण्याजोगी राहिलीच नव्हती.

ती नळावर तशीच बसली. मागून कुणीतरी बादली पुढे सरकवली आणि ओरडलं, तेव्हा उठली. सात घरं एका बाजूला आणि आपलं घर दुसऱ्या बाजूला. घर दीड तासाच्या वाटेवर. दारोदार भाजी देणाऱ्या बाईला कुणाची चूल कधी पेटते ते तोंडपाठ असतं. तिनं उभ्याउभ्या हिशेब केला. बंडोपंत शाळेत जायचे, त्यांचं पान साडेनऊला. त्यांच्या शेजारचे तारऑफिसातले तारबाबू नऊलाच. प्रभाकरराव पेन्शनर, ते साडेदहाला. आमच्याकडे सासूबाईंची पूजा आटोपून साडेबारा. आणि आपल्या घरी दिवस बुडता. सगळ्यांत उशीर आपल्याच घरी. म्हणून आधी गाव, मग घर. त्या घटकेला कुणीही शहाण्या माणसानं हाच निर्णय घेतला असता, असं मी आजही म्हणते. म्हणून काही फरक पडत नाही, ते वेगळं.

ती धावत सुटली. पहिलं घर तारबाबूंचं. भाजी चिरून झाली होती, कढईत पडायची होती. "फेका, फेका, त्याले हात नोका लावू," एवढंच बोलून पुढे. दुसऱ्या घरी बाईला पटेना, तेव्हा हिनं मुठीतली मेलेली पाखरं तिच्यापुढे धरली. बंडोपंतांकडे भाजी शिजून ताटात वाढलेली. ते घास उचलणार तोच ही पायांच्या चिखलाचा विचार न करता थेट स्वयंपाकघरात शिरली आणि ताट उचलून मोरीत उपडं केलं. त्या काळात, त्या घरात, गोंड बाईनं चुलीपर्यंत जाणं म्हणजे काय होतं ते सांगायला नको. इंदिरा किंचाळली. बंडोपंत पाटावर बसल्या जागी थिजले. हिनं हात जोडले आणि पळाली. चौथं घर, पाचवं घर. सहाव्या घरी, प्रभाकररावांकडे, म्हातारा हौसेनं लवकर बसला होता आणि दोन घास पोटात गेले होते. हिनं सुनेकडून मिठाचं कोमट पाणी करून घेतलं, त्यांना तांब्याभर पाजलं आणि उलटी होईपर्यंत तिथून हलली नाही. म्हातारा बचावला. तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

प्रभाकररावांच्या घरापासून सेलूची वाट जवळ. आमचं घर अगदी उलट्या टोकाला. ती चौकात थांबली होती. तिनं सूर्याकडे पाहिलं, साडेबाराला अवकाश आहे आणि दिवस बुडायला खूपच आहे असं मनाशी म्हटलं, आणि आमच्याकडे वळली.

ती आली तेव्हा अकरा वाजले होते. पदर सुटलेला, छाती वरखाली होत होती. "बाई, ते भाजी कुठी हाये? फेकून द्या. आता फेका."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, एवढी सुंदर भाजी हिनं आम्हाला दिली आणि आता दुसरं कुणी बरं गिऱ्हाईक भेटलं असेल, म्हणून ही नाटक करते आहे. मी उंबऱ्यावर हात टेकून उभी राहिले. "का फेकू? तीन वर्षांनी एकदा धड भाजी आणलीस आणि लगेच फेका?"

"त्याच्यावर पावडर हाये. इख हाये ते."

"तुला कुणी सांगितलं?"

"पाखरं मेली, बाई. हे पाहा नं."

तिनं मूठ उघडली. घामानं आणि धावण्यानं त्या पाखरांचा चुरा झाला होता, पिवळी भुकटी तळव्याला चिकटली होती. मी म्हटलं, "फुलपाखरं दोन दिवस जगतात आणि मरतात. त्यात काय?" ती परत पहिल्यापासून सांगू लागली. झटकलं, उडालं नाही, नळावर पाहिलं, वास, कोंबड्या. मी मध्येमध्ये प्रश्न विचारत होते. एखाद्या वकिलासारखी मी तिची उलटतपासणी घेतली आणि मला त्यात मजाही येत होती. हे लिहायला हात धजत नाही, पण खरं आहे ते लिहिते. पंधरा-वीस मिनिटं मी तिला दारात उभं ठेवलं. ती सारखी मागे वळून सूर्याकडे बघत होती.

"बाई, माह्या घरी बी एक जुडी हाये," ती शेवटी म्हणाली. "पोरगी पोटुशी हाये. मले जाऊ द्या, पन आधी तुमी ते फेका."

"मग आधी घरी का नाही गेलीस?"

"माह्या घरी दिवस बुडता चूल पेटते. तुमची साडेबाराले."

तेव्हा मी हसले. माझ्याजवळ असं उत्तर होतं की ज्यानं वाद एकदम संपणार होता. मी म्हटलं, "अगं वेडे, आज एकादशी आहे. आज आमच्या घरात कुणी भाजी खाणार नाही. ती उद्याच्या पारण्याला घेतली आहे. उद्या सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

तिला ते नीट कळलं नाही. पंधरवड्याची साधी एकादशी. त्या सात घरांत ती फक्त आमच्याकडे, सासूबाईंमुळे पाळली जायची. तिच्या घरी तर हा दिवस कुणाच्या गावीही नव्हता.

"आज नाई खात?"

"नाही."

"कोनीच?"

"कोणीच."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. तिचं तोंड नुसतं उघडं राहिलं होतं, आणि मग टोपली तिथंच टाकून ती वळली आणि धावू लागली. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या, त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. स्वतः जुडी उचलली आणि परसात खड्डा करून पुरली. मी अजून दारातच होते, तिनं टाकलेल्या टोपलीकडे पाहत.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. सातव्या महिन्यातली भूक. ती कुठल्याही घराची वेळ पाळत नाही. जिजाला दुपारी राहवेना. शिवाय सासू दमून येईल, तिला आयतं मिळेल, असंही तिच्या मनात आलं. तिनं चूल पेटवली, भाजी केली, बाराच्या सुमाराला अर्ध्या भाकरीबरोबर खाल्ली आणि बाकीची सासूसाठी झाकून ठेवली. धुरपता पोचली तेव्हा एक वाजत आला होता. जिजा अंगणात पडली होती, दातखीळ बसलेली, हातपाय झटके देत होते. शेजारची रामबाई तिचं डोकं मांडीवर धरून ओरडत होती. कवडू कामावर होता. जवळपास तगडे बैल एकाच घरी, ताराचंदच्या. रामबाई तिकडे पळाली. ताराचंदनं काय झालं ते विचारलं, ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. गाडी त्यानं स्वतः जुंपली, स्वतः हाकली.

मी त्या तासाचा हिशेब किती वेळा केला असेन. साडेदहाला ती चौकातून सरळ घरी गेली असती तर बाराला पोचली असती. जिजानं बाराला खाल्लं की सव्वाबाराला, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. मी जिजालाच विचारलं होतं पुढे एकदा, अगदी निर्लज्जपणे. ती म्हणाली, ऊन डोक्यावर होतं. बारा म्हणजे ऊन डोक्यावर, आणि सव्वाबारालाही ऊन डोक्यावरच असतं.

दवाखान्यात तीन दिवस काढले. मी दुसऱ्या दिवसापासून दूध घेऊन जात होते. धुरपता व्हरांड्यात खांबाला टेकून बसलेली असायची. आतून नर्स बाहेर आली की ती उठून उभी राहायची, नर्स पुढे गेली की बसायची. जिजाचे झटके पहिल्या रात्रीच थांबले होते. प्रश्न पोटातल्या बाळाचा होता. डॉक्टर पोटाला नळी लावून ऐकायचे आणि काही न बोलता जायचे. धुरपता मला विचारायची, "डॉक्टरनं का म्हटलं?" मी सांगायचे, काही म्हणाले नाहीत. "मंग हलत असन," ती म्हणायची. थोड्या वेळानं पुन्हा विचारायची. कवडू भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा. मी जन्मात कधी कुठल्या देवाला इतकी शरण गेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी जिजा मोकळी झाली. मुलगी होती. ती मेलेलीच जन्मली. जिजा वाचली.

धुरपता त्यानंतर पंधरा वर्षं जगली. जिजाला पुढे दोन मुलं झाली, ती धुरपतानं वाढवली. ताराचंदनं उरलेली पावडर खोल खड्ड्यात पुरली. तिच्यावर आळ घ्यायला कुणी गेलं नाही, कारण त्या दिवशी ती कुणाकुणाच्या दारात कशी धावली ते सहा घरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. उलट तिचं नाव झालं. त्याच वर्षी आश्विनात पाखरं निघाली तेव्हा ती आमच्या अंगणात होती. डोक्यावरून, घराच्या कौलांवरून, तासभर पिवळी रीघ उगवतीकडे चालली होती. मी ती पहिल्यांदा मान वर करून पाहिली. एवढी सारी जातात तर त्यांतली परत किती येतात, असं मी विचारलं. "तीच नाई येत," ती म्हणाली. "त्यायच्या लेकी येतात."

पण तिची आठवण निघाली की मला दिसतो तो दवाखान्याचा व्हरांडा, तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ. कवडू त्या चिमुकल्या जिवाला कापडात गुंडाळून घेऊन गेला होता. आत जिजाला झोप लागली होती. मी धुरपताच्या शेजारी खाली फरशीवर बसले. मला माफी मागायची होती आणि तोंडातून भलतंच आलं. मी म्हटलं, "तू आम्हा सगळ्यांना वाचवलंस."

ती कवडू गेला त्या वाटेकडे पाहत होती.

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. "मी तुला उगाच थांबवलं," मी म्हणाले. "दारात आल्याबरोबर सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. भोकांचंही मीच म्हटलं होतं." मी रडत होते. तिनं मला शिव्या द्याव्यात, हात उगारावा, काहीही करावं, पण करावं, असं मला फार वाटत होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. थकलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "तुमचं का चुकलं, बाई. कोनाच्या घरी कवा खातात ते मले ठाऊक पायजे. ते माहंच काम हाये." पदरानं तोंड पुसलं. "ते एकादशी पंधरा रोजानं येते नं? आता पुढची कवा हाये, ते मले सांगून ठेवा."

मी बोटांवर दिवस मोजले आणि तिला वार सांगितला.